बीज सांभाळणारी दाई

लग्नाला दोन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की चौकशी सुरू होते ती सुनेची. फुफी विचारते, खाला विचारते, शेजारची भाभी कुणा नव्या डॉक्टरचा पत्ता देते. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई, जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी, मग पुण्याचे किंवा मुंबईचे मोठे हॉस्पिटल, मध्येच कुणी सांगितलेला काढा. सुनेच्या रिपोर्टांची फाइल जाड होत जाते. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद त्या फाइलमध्ये नसतो. "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे की," एवढ्यावर तो विषय मिटतो.

घोटाळा नेमका या 'धडधाकट' शब्दात आहे. पुरुषाचा भारदस्त आवाज, दाढी, अंगातली ताकद, नवरा-बायकोच्या संबंधातील क्षमता हे सगळे एका प्रकारच्या पेशींचे काम आहे. शुक्रपेशी तयार होणे आणि त्या नीट वाढणे हे दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे काम आहे. पहिले काम व्यवस्थित चालू असताना दुसरे बंद असू शकते, आणि बाहेरून पाहून ते कुणालाही कळत नाही. त्या माणसाला स्वतःलाही नाही.

या महिन्यात त्या दुसऱ्या पेशींची ओळख करून घेऊ. विषय नाजूक आहे खरा. पण दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजनन संस्थेचा पाठ आहे, आणि आपली मुले-मुली तो परीक्षेसाठी वाचतात. मुलांनी जे शिकायचे ते आईवडिलांनी चार पावले पुढे जाऊन समजून घ्यायला काय हरकत आहे?

तेवीस वर्षांचा संशोधक

१८६५ साली इटलीतील पाविया येथे एन्रिको सर्टोली नावाच्या तरुणाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा जन्म १८४२ चा, म्हणजे वय अवघे तेवीस. माणसाच्या वृषणातील बारीक नलिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला काही वेगळ्याच पेशी दिसल्या. बाकीच्या पेशी गोल आणि सुट्या होत्या. या पेशी मात्र उंच होत्या आणि त्यांना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या होत्या. पुढे त्यांना त्याच्याच नावाने 'सर्टोली पेशी' म्हणू लागले. सर्टोली नंतर मिलानच्या पशुवैद्यक विद्यालयात प्राध्यापक झाला.

या पेशींचे काम जसजसे कळत गेले, तसतसे त्यांना 'दाई-पेशी' असेही म्हटले जाऊ लागले. बाळ दुसऱ्याचे, पण त्याला धरणारी, भरवणारी, जपणारी आणि वेळ आली की हातातून सोडणारी ती दाई. सर्टोली पेशी स्वतः कधीच शुक्रपेशी होत नाही. शुक्रपेशी मात्र तिच्या आधाराशिवाय तयार होत नाही.

शेवयांची गुंडाळी

वृषण आतून कसे असते? ईदच्या शीरखुर्म्यासाठी आपण बारीक शेवया आणतो, तशा शेवयांची घट्ट गुंडाळी डोळ्यांसमोर आणा. फक्त यातली एकेक शेवई पोकळ आहे आणि तिची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी आहे. या शुक्रनलिका. सगळ्या टोकाला टोक जोडून ताणल्या तर त्यांची लांबी काही शे मीटर भरेल.

दोन शेवयांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ लायडिग याने १८५० साली त्यांचे वर्णन केले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक त्या तयार करतात. दाढी, आवाज, ताकद हे सगळे त्यांच्यामुळे. आता शेवईच्या आत चला. आतल्या भिंतीवर सर्टोली पेशी खांबांसारख्या उभ्या आहेत. बूड भिंतीला टेकलेले, माथा मधल्या पोकळीकडे. खांबाखांबांच्या मध्ये आणि त्यांच्या अंगावरच्या खळग्यांत वाढणाऱ्या बीजपेशी बसलेल्या आहेत. सगळ्यात लहान भिंतीला चिकटून तळाशी, मध्यम वयाच्या मध्यावर आणि तयार झालेल्या पोकळीच्या काठावर. जणू शाळेचे मजले. पहिली तळमजल्यावर, दहावी गच्चीजवळ.

तळमजल्यावरून गच्चीपर्यंतचा हा प्रवास माणसात सुमारे ७४ दिवसांचा असतो. त्यात बीजपेशी आधी अनेकदा विभागून आपली संख्या वाढवते. मग आपली ४६ गुणसूत्रे वाटून २३ वर आणते. शेवटी आपला गोल आकार टाकून डोके आणि शेपटी धारण करते. या सगळ्या काळात तिला स्वतःहून चालता येत नाही. शेपटी असली तरी वृषणात असेपर्यंत ती पोहत नाही. तिला वर सरकवते ती सर्टोली पेशीच. उंदरांमध्ये एक सर्टोली पेशी एका वेळी ३० ते ५० बीजपेशी सांभाळते. माणसात हा आकडा कमी आहे. प्रत्येक दाईची सांभाळण्याची मर्यादा ठरलेली असते, आणि सर्टोली पेशींची संख्या वयात येईपर्यंतच वाढते. त्यानंतर सहसा नव्या तयार होत नाहीत. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी किती बनू शकतील, हे बऱ्याच अंशी बालपणीच ठरून जाते ते असे.

दोन दारांची पडवी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून तो कुठे कुठे पोचतो ते पाहत होते. जवळजवळ सगळे अवयव रंगले. मेंदू रंगला नाही, आणि शुक्रनलिकांचा आतला भागही रंगला नाही. म्हणजे रक्त आणि या जागा यांच्यामध्ये काहीतरी अडसर होता. १९७० साली मार्टिन डिम आणि डॉन फॉसेट या शास्त्रज्ञांनी उंदीरवर्गातील प्राण्यावर काम करून हा अडसर नेमका कुठे आहे ते दाखवले. शेजारशेजारच्या दोन सर्टोली पेशी तळाच्या जवळ एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की त्यांच्यामधून पाण्यात विरघळलेला कणही सहजी जाऊ शकत नाही. ही शिवण नलिकेचे दोन भाग करते. खालचा भाग रक्ताच्या पुरवठ्याला खुला, वरचा भाग बंद.

एवढा बंदोबस्त कशासाठी? आपली रोगप्रतिकारशक्ती आयुष्याच्या अगदी सुरुवातीला 'आपले कोण आणि परके कोण' हे शिकते. त्या वेळी मुलाच्या शरीरात शुक्रपेशी नसतात. त्या येतात वयात आल्यावर, आणि त्यांच्या अंगावर असे काही प्रथिने असतात जी शरीराने पूर्वी कधी पाहिलेली नसतात. प्रतिकारशक्तीला त्या परक्याच वाटणार. नसबंदीनंतर अनेक पुरुषांच्या रक्तात स्वतःच्याच शुक्रपेशींविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, ती त्यामुळेच. एरवी हा हल्ला होत नाही, कारण दाई-पेशींनी त्यांना भिंतीआड ठेवलेले असते.

आता एक अडचण आली. लहान बीजपेशी भिंतीच्या खाली, मोठी भिंतीच्या वर. मग ती भिंत ओलांडते कशी? दार उघडले तर बंदोबस्त मोडला. ऑपरेशन थिएटरला दोन दारे असतात हे तुम्ही पाहिले असेल. बाहेरचे लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही, म्हणजे धूळ आत जात नाही. इथेही तसेच घडते. बीजपेशी वर सरकू लागली की तिच्या खालच्या बाजूला सर्टोली पेशी आधी नवी शिवण घालतात. ती पक्की झाली की मगच वरची जुनी शिवण उसवते. मधला थोडा वेळ बीजपेशी दोन दारांमधल्या पडवीत असते. स्मिथ आणि ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी २०१२ साली उंदरांमध्ये ही मधली पडवी प्रत्यक्ष दाखवली.

या शिवणीतील एक महत्त्वाचा धागा म्हणजे क्लॉडिन-११ हे प्रथिन. ते नसलेले नर उंदीर जन्माला घातले तेव्हा ते वांझ निघाले. बाकी उंदीर नर म्हणून ओळखू येतच होते. फक्त एक शिवण नव्हती.

टिचबटणाचे दोन भाग

भिंतीच्या आत गेलेल्या बीजपेशीला धरून ठेवायचे काम आता सुरू होते. सुरुवातीच्या टप्प्यात पकड साधी असते. पण पेशी गोल आकार सोडून लांबट होऊ लागली, की सर्टोली पेशी तिच्या डोक्याभोवती एक खास पकड तयार करते. अशी रचना शरीरात वृषणाखेरीज कुठेही आढळत नाही.

ती कशी असते? सर्टोली पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला ॲक्टिन नावाच्या तंतूंच्या जुड्या मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेत दाटीने लावलेल्या असतात. त्यांच्या मागे एक चपटी पिशवी असते. या जुड्यांमुळे त्या जागी आवरण ताठ राहते, जसे कॉलरमध्ये बक्रम घातले की कॉलर ताठ राहते. आवरणाच्या बाहेरच्या बाजूला दोन पेशींना जोडणारी प्रथिने असतात. त्यांतली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्टोली पेशीच्या बाजूला नेक्टिन-२ आणि शुक्रपेशीच्या बाजूला नेक्टिन-३. टिचबटणाचे दोन भाग असतात, एक कुडत्याच्या या पट्टीवर आणि दुसरा त्या पट्टीवर. एकाला दुसरा मिळाला तरच बटण लागते. उंदरांमध्ये यातला कुठलाही एक भाग काढून टाकला तरी नर वांझ होतो.

या पकडीमुळे आणखी एक गोष्ट साधते. शुक्रपेशीचे डोके भिंतीकडे आणि शेपटी पोकळीकडे अशीच सगळ्यांची दिशा राहते. सर्टोली पेशीतील सूक्ष्म नलिकांच्या वाटेवरून ही पकडच शुक्रपेशीला वर-खाली सरकवते. डोके घडताना त्याला आधारही हीच देते.

धरता धरता दाई भरवतेही. भिंतीच्या आत रक्त पोचत नाही, मग खाणे कुठून येणार? सर्टोली पेशी रक्तातील साखर खालच्या बाजूने घेते, तिचे लॅक्टेट करते आणि ते बीजपेशीला देते. दह्याला आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टिक आम्लाचेच हे रूप. वाढत्या बीजपेशींना साखरेपेक्षा तेच जास्त मानवते. लोहसुद्धा सर्टोली पेशीच वाहून आत पोचवते. दोन पेशींच्या आवरणांत जागोजागी बारीक नळ्याही असतात. त्यांतून लहान रेणू आणि निरोप इकडून तिकडे जातात. या नळ्या कॉनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या बनलेल्या असतात. उंदरांच्या फक्त सर्टोली पेशींमधून ते प्रथिन काढले, तरी बीजपेशींची वाढ थांबली. बीजपेशींत काहीच दोष नव्हता. दाईशी बोलणे तुटले होते.

सोडण्याची वेळ

मुलाला धरून ठेवावे लागते तसे वेळ आली की सोडावेही लागते. शुक्रपेशी तयार झाली की सर्टोली पेशी पकड सोडवायला घेते, आणि हे काम ती घाईने करत नाही. पकडीच्या जागी बारीक बोटांसारखे फुगवटे तयार होतात. ते जुनी जोडणारी प्रथिने थोडी थोडी करून पोटात ओढून घेतात. शुक्रपेशीच्या अंगावरचा जास्तीचा पेशीरस गोळा होऊन मागे राहतो, तो सर्टोली पेशी गिळून टाकते. मग शुक्रपेशी पोकळीत सुटते आणि पुढच्या नळीत जाते. पोहायला ती तिथे काही दिवसांत शिकते.

वेळेआधी पकड सुटली तर? न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलमध्ये सी. यान चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲडज्युडिन नावाचे एक रसायन उंदरांना देऊन पाहिले. ते मुख्यतः हीच पकड सैल करते. शुक्रपेशी अर्धवट अवस्थेत गळून पडल्या आणि नर काही काळ वांझ राहिले. औषध थांबवल्यावर पुन्हा प्रजननक्षम झाले. संप्रेरकांना हात न लावता पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी करता येईल, असा त्यामागचा विचार होता. एका चाचणीत काही प्राण्यांच्या यकृताला सूज आल्याने काम अडले. पण या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. संप्रेरके जागच्या जागी, ताकद जागच्या जागी, तरी केवळ पकड सुटली की शुक्रपेशी नाहीत.

इंजेक्शनवाल्या ताकदीचा धोका

हे वाचून कुणाला वाटेल, मग टेस्टोस्टेरॉनचा या कामाशी संबंध नाही का? आहे, आणि तो समजून घेणे आज फार गरजेचे आहे, विशेषतः जिममध्ये जाणाऱ्या तरुण मुलांच्या घरी.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन निरोप पाठवते. एक लायडिग पेशींना, की टेस्टोस्टेरॉन तयार करा. दुसरा थेट सर्टोली पेशींना, की कामाला लागा. बीजपेशीला यातला एकही निरोप स्वतः ऐकू येत नाही. तिच्याकडे टेस्टोस्टेरॉन ओळखणारे कानच नाहीत. ते कान सर्टोली पेशीला आहेत. ती ऐकते आणि त्याप्रमाणे बीजपेशीला धरते, भरवते, पुढे नेते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावी लागते. ती घसरली की लांबट होत असलेल्या शुक्रपेशींवरची पकड ढिली पडते आणि त्या गळतात.

आता तरुणाने दंड फुगवण्यासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉनचे किंवा त्या जातीच्या स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले. रक्तात संप्रेरक भरपूर झाले. मेंदूला वाटले, पुरवठा पुरेसा आहे. त्याने दोन्ही निरोप बंद केले. वृषणाच्या आतली पातळी कोसळली. बाहेर दंड वाढत आहेत आणि आत दाईचे हात सुटत आहेत. ही काल्पनिक भीती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दिले होते, तेही संततिनियमनाचा उपाय म्हणून. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्रपेशींची संख्या शून्यावर आलेली होती. जे इंजेक्शन संततिनियमन म्हणून तपासले गेले, तेच आपली मुले मर्दानगी वाढावी म्हणून घेतात. बहुतेकांत ते बंद केल्यावर काम हळूहळू पुन्हा सुरू होते, पण त्याला अनेक महिने लागतात, कधी त्याहून जास्त. ज्याला मूल हवे आहे त्याने डॉक्टरांना न विचारता हे औषध कधीही घेऊ नये. आणि आधी घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये.

दाढी आहे, शुक्रपेशी नाहीत

१९४७ साली अर्जेंटिनातील डेल कॅस्टिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पुरुषांचे वर्णन केले. दिसायला, वागायला, ताकदीला हे पुरुष अगदी नेहमीसारखे. वीर्यात मात्र एकही शुक्रपेशी नाही. वृषणाचा तुकडा तपासला तर नलिकांमध्ये सर्टोली पेशी होत्या, बीजपेशी नव्हत्या. दाई आहे, कुशीत बाळ नाही. ही अवस्था आजही दिसते. त्यांच्या लायडिग पेशी बाहेर आपले काम करतच असतात, म्हणून बाहेरून कुणाला शंका येत नाही. अशा काही पुरुषांच्या वृषणात एखाद्या कोपऱ्यात शुक्रपेशी बनत असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून त्या मिळवताही येतात. पण त्यासाठी आधी तपासणी झाली पाहिजे.

वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बायकोच्या कारणाबरोबर असते. म्हणजे फक्त सुनेची तपासणी करणारे घर अर्धाच प्रश्न सोडवत असते. कित्येकदा त्या अर्ध्या तपासणीवर तिला टोमणे मिळतात, माहेरी पाठवले जाते, मुलाच्या दुसऱ्या निकाहची भाषा होते. नंतर कळते की तिच्यात दोष नव्हताच. एका कागदाअभावी एखाद्या मुलीचे आयुष्य मोडते. त्यापुढे नवऱ्याचा पाच मिनिटांचा संकोच काय मोठा आहे?

घरात काय करता येईल

वीर्यतपासणी ही सोपी तपासणी आहे. सुई नाही, भूल नाही, कापणे नाही. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रपेशी ही खालची मर्यादा दिली आहे. तिच्यापेक्षा कमी आले म्हणजे मूल होणारच नाही असे नाही, आणि जास्त आले म्हणजे होईलच असेही नाही. एकदा कमी आले तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. सुनेला नळ्या तपासण्यासारख्या त्रासाच्या तपासण्यांना पाठवण्याआधी ही एक तपासणी होऊन जाऊ द्यावी. बायकोचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच दोघांनी डॉक्टरांना भेटावे.

रिपोर्ट कमी आला तर घाबरून दर आठवड्याला औषध बदलू नये. आज जी शुक्रपेशी बाहेर येते तिचा प्रवास अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेला असतो. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या जोराच्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. तसेच आज सुरू केलेल्या उपचाराचा गुण तीन महिन्यांआधी दिसणार नाही. पंधरा दिवसांत गुण येण्याची हमी देणाऱ्या भिंतीवरच्या जाहिराती या एका हिशेबातच खोट्या ठरतात.

तंबाखू सोडावी. तिच्यात कॅडमियम हा धातू असतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत कॅडमियमने दाई-पेशींची ती शिवण फाटते असे दिसले आहे. वृषणाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते, म्हणूनच ते शरीराबाहेर असते. भट्टीसमोर, बेकरीत तासन्‌तास काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपले काम सांगावे. सुमारे १५ टक्के पुरुषांत वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतात. काहींच्या बाबतीत ते कारण असते आणि त्यावर उपचार आहे.

शेवटी लहान मुलांच्या अम्मींसाठी. बाळाला आंघोळ घालताना दोन्ही वृषणे पिशवीत आहेत ना, हे पाहावे. एखादे उतरले नसेल तर पहिल्या सहा महिन्यांत ते आपोआप उतरू शकते. त्यानंतर वाट पाहू नये. सहा ते अठरा महिन्यांच्या वयात छोटी शस्त्रक्रिया करून ते खाली आणतात. पोटाच्या उबेत ते जितके जास्त राहील तितकी बीजपेशींची हानी होते. गालगुंडाच्या लसीबद्दलही बालरोगतज्ज्ञांना विचारावे, कारण वयात आल्यावर गालगुंड झाले तर वृषणाला सूज येऊ शकते. मोठ्या मुलाला तिथे अचानक जोराची कळ आली आणि सूज दिसली, तर ते लाजेने झाकून ठेवायचे दुखणे नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचते. मुलाने हे न लाजता अब्बांना किंवा अम्मीला सांगावे, एवढी मोकळीक घरात हवी. ती आजपासून देता येते.